आरंभीची शिल्लक

सांगलीच्या हळदबाजारात माझे वडील दिवाणजी होते. अडत दुकानाचे हिशेब लिहिणं हे त्यांचं काम. पण त्या दुकानाला जे काही ठाऊक होतं ते सगळं आबांना ठाऊक होतं, असं म्हणणं जास्त खरं ठरेल. कुठल्या गावच्या कुणाची हळद यंदा शिजवताना कच्ची राहिली, कुणी बेण्यासाठी किती उचल नेली, बाहेरगावचा कुठला खरेदीदार आठ दिवसांचा वायदा करून आठव्या दिवशी ड्राफ्ट पाठवतो आणि कुणाचे आठ दिवस महिनाभर चालतात, हे त्यांच्या वहीत होतं आणि वहीपेक्षा जास्त डोक्यात होतं. मालक गादीवर बसून बोलणी करायचे. एखाद्या शेतकऱ्याला उचलीसाठी होकार देण्याआधी त्यांची नजर आबांकडे वळायची. आबा वहीतून मान वर न काढता किंचित होकार द्यायचे, किंवा द्यायचे नाहीत. व्यवहार तिथंच ठरायचा.

आबांना जाऊन आता काही वर्षं झाली. ते दुकानही राहिलं नाही. मालकांची मुलं दुसऱ्या धंद्यांत गेली. माझं सगळं नोकरीचं आयुष्य पुण्याजवळच्या कारखान्यांत, भोसरी-चाकणच्या पट्ट्यात, संगणकप्रणाली बसवण्यात गेलं. खरेदी, गोदाम, उत्पादन, विक्री, पगार, हिशेब हे सगळं एका जागी आणायचं, एका विभागानं भरलेला आकडा दुसऱ्या विभागाला त्याच क्षणी दिसला पाहिजे, असं ते काम. आबांच्या आणि माझ्या कामात मला कधी वैर दिसलं नाही. धंद्याला काय माहीत हवं आणि ते कुठं लिहून ठेवायचं, याच प्रश्नाशी आम्ही दोघंही झगडत होतो. तरी त्यांच्याकडून माझ्याकडे येताना वाटेत काहीतरी गळालं, आणि आता ते गेले म्हणून ते मला जास्त टोचतं.

त्यांची वही पाहिलेली माणसं कमी होत चालली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते. लाल कापड चढवलेला पुठ्ठा, आत जाड पिवळसर कागद, लांबट आकार, आणि मिटल्यावर गुंडाळून बांधायला दोरी. पानावर छापील रेघा नसत. कागद घडी घालून उलगडला की जे सळ उमटत तेच रकाने. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. पहिल्या पानावर ‘श्री’, कुंकवाचं स्वस्तिक, आणि त्याखाली मोडी. आबा मोडी शिकले ते आधीच्या म्हाताऱ्या दिवाणजींच्या हाताखाली, मिसरूड फुटण्याआधी. शाळेत बालबोध चालायची, पण बाजारात मोडी टिकून होती; ती हात न उचलता लिहिता येते आणि सौदे चालू असताना हात उचलायला उसंत नसते. पुढं आकडे-नावं ते बालबोधीत लिहू लागले. शेरे मात्र शेवटपर्यंत मोडीतच राहिले. शेऱ्यांकडे मी परत येणार आहे.

सकाळी सौदे निघायचे. पोत्यांच्या थप्प्या, मोडून दाखवलेलं हळकुंड, त्याच्या आतला गर्द नारिंगी रंग, हवेत बारीक पिवळी धूळ, बोलीचा गलका. माल काट्यावर गेला की मापाडी वजन पुकारायचा आणि मदतनीस ते कच्च्या वहीत टिपायचा. दुपारी पट्टी. मालाची एकूण रक्कम, त्यातून हमाली, तोलाई, अडत वजा, उचल असेल तर तीही वजा, आणि उरलेली रोकड शेतकऱ्याच्या हातात. पट्टी करताना आबा ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत. लहानपणी मला ते स्तोत्र वाटायचं. ती पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असायची, अपूर्णांकांचे पाढे. समोरच्याचं वाक्य पुरं होईतो उत्तर कागदावर उतरलेलं असे. संध्याकाळी कच्च्या वहीवरून पक्की रोजकीर्द लिहायची आणि किर्दीतली एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवायची. शेवटी पेटीतली रोकड मोजायची. ती किर्दीतल्या शिलकीशी जुळली नाही तर चार आण्यांसाठीसुद्धा दिवा जळत राहायचा आणि घरी आई जेवणाची ताटं झाकून ठेवायची.

किर्दीतल्या प्रत्येक नोंदीच्या कडेला आबा एक बारीक आकडा घालत. ते खातेपान. रक्कम खतवली याची ती खूण, आणि खतवून कुठं नेली याचा पत्ता. खतावणीत त्या रकमेशेजारी उलट किर्दीचं पान लिहिलेलं. कॉलेजात आम्हाला एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेली कल्पना शिकवली: माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवायची आणि ते तक्ते खुणेच्या मूल्यांनी एकमेकांना जोडायचे. जगभरच्या बँका, कारखाने, रेल्वेची आरक्षणं आज ज्या डेटाबेसांवर चालतात त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी हीच कल्पना आहे. वर्गात पुष्कळांना ती जड गेली. मला ती पहिल्याच दिवशी कळली, कारण आबांनी माझं बोट धरून ती वहीवर फिरवून दाखवली होती. “हा आकडा धरून तिकडं जायचं. तिकडचा आकडा धरून परत इकडं यायचं. परत येता आलं नाही, तर समज कुणीतरी खोटं लिहिलंय.” कारखान्यांतल्या हिशेबतपासणीत पुढं मी हेच करत आले, फक्त पडद्यावर.

नवं काही आलं की आबा कुरकुरत नसत. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले. मागोमाग मण-शेर गेले, किलो आणि क्विंटल आले. त्यांनी जुन्या-नव्या मापांचा तक्ता करून पुठ्ठ्याच्या आत डकवला होता. माझ्या लहानपणी तो तिथंच होता, कडा झिजलेला. १९८९ मध्ये आयकर कायद्यानं सगळ्यांचं हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपवलं आणि दिवाळी ते दिवाळी चालणारं बाजाराचं वर्ष मोडलं. हा बदल त्यांना लागला असावा. ते बोलले नाहीत. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा झाली, पाडव्याला त्यांनी पहिल्या पानावर रुपया जमा केला, वही दोरीनं बांधली, आणि ती पुन्हा उघडली एप्रिलमध्ये.

हरिपूरच्या पेवांविषयी न लिहिता पुढं जाववत नाही. सांगलीला लागून कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूर आहे. तिथल्या मातीत माणूस उभा राहील असे खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवायची रीत होती. तोंड अरुंद, पोट मोठं. पेव भरलं की तोंड बंद करून वर माती लिंपायची. आत हवा उरत नाही, म्हणून कीड लागत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी कंदील सोडून बघायचे, तो विझला तर थांबायचं. माल असा जमिनीच्या पोटात गेला की तो ना दिसतो, ना मोजता येतो. वर उरतो तो कागद. पेव कुणाचं, कधी भरलं, पोती किती, कुणाला विकली, हे वहीत बरोबर नसेल तर मालाला मालकच राहत नाही. मी पुढं ज्या कारखान्यांत काम केलं तिथं पडद्यावरचा साठा आणि गोदामातला साठा जुळवण्यात माणसांच्या रात्री जायच्या. तेव्हा मला हरिपूर आठवायचं. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि त्यांतली बहुसंख्य पेवं निकामी झाली. वहीत पोती होती, जमिनीत चिखल.

वहीचं नुसतं गोड चित्र मला रंगवायचं नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर धाव घेतली. त्यांना हवे होते कागद. कर्जाची खतं आणि वह्या हिसकावून त्यांनी त्या जाळल्या, आणि पुणे-नगरच्या कितीतरी गावांत मग तेच घडलं. अडाणी माणसाच्या अंगठ्याखाली काय लिहिलंय हे त्याला कधीच वाचता येत नव्हतं. त्याची जमीन जात होती ती त्या न वाचता येणाऱ्या ओळीवर. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यानं सावकारानं पावती द्यावी, हिशेब लिहून द्यावा, असं बंधन घातलं. माहिती कुणाकडे आहे आणि कुणाला ती बघता येत नाही, यावर माणसाचं घर राहतं किंवा जातं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला संगणकाच्या पुष्कळ आधी कळलं होतं. आबांच्या तरुणपणीसुद्धा इरोडला आणि निजामाबादला हळद काय भावानं गेली हे तारेनं किंवा ट्रंक कॉलनं अडत्याला कळायचं. पोतं घेऊन दारात उभ्या असलेल्याला नाही. आज शेतकरी घरातून निघण्याआधी सांगली, वसमत, निजामाबाद, इरोड असे चारही भाव मोबाइलवर बघतो. यात मी कोणतंही ‘पण’ घालणार नाही. हे निखळ चांगलं झालं.

तर आता शेरे.

खतावणीत बाकीच्या आकड्याशेजारी आबा बारीक मोडीत काहीतरी लिहून ठेवत. ‘मुलीचं लग्न वैशाखात, तोवर तगादा नको.’ ‘विहीर ढासळली.’ ‘बोलतो गोड, देतो उशिरा.’ ‘भाऊ वेगळे झाले, सही दोघांची घेणे.’ ‘बैल गेला.’ एकेक ओळ, चार शब्दांची. दोन माणसांची बाकी सारखीच असे, तीनशे आणि तीनशे. एकाकडे दुकानाचा माणूस जायचा आणि दुसऱ्याकडे जायचा नाही, ते या ओळीमुळे. यातही न्याय होताच असं नाही. ज्याच्या नावापुढं ‘उचल देऊ नये’ असं पडलं त्याला ते कधी कळायचं नाही आणि त्याची दाद कुठं मागायची सोय नव्हती. आबा सरळ माणूस होते म्हणून त्यांचे शेरे सरळ. दुसऱ्या एखाद्या दिवाणजीच्या हातात तेच शस्त्र होऊ शकायचं. हे मान्य करूनही मी म्हणते की दुकानाची खरी माहिती त्या शेऱ्यांत होती. आकडा काय झालं ते सांगायचा, शेरा का झालं ते.

मोठ्या जगात तोवर बरंच घडून गेलं होतं. कंपनीच्या रोजच्या कारभारासाठी पहिला संगणक चालवला तो कुठल्या तोफखान्यानं किंवा वेधशाळेनं नव्हे, लंडनच्या जे. लायन्स या चहाची दुकानं चालवणाऱ्या आणि पाव-केक भाजणाऱ्या कंपनीनं. लिओ हे त्या यंत्राचं नाव, साल १९५१, आणि पहिलं नेमाचं काम बेकरीच्या मालाचं मूल्य काढण्याचं. चहाच्या एका कपावर सुटतात थोडे पैसे आणि कप विकले जातात लाखो. नफा कुठं मुरतो ते कारकुनांच्या हातानं वेळेत कळत नव्हतं. हळदीच्या पोत्यामागे अडतीचे टक्के मोजणाऱ्या माणसाला ही अडचण समजावून सांगावी लागली नसती. आपल्याकडे मुंबईत एस्सो या तेल कंपनीनं १९६० च्या दशकाच्या आरंभी आयबीएमचं यंत्र आणलं. आयुर्विमा महामंडळात संगणक येणार म्हटल्यावर त्याच दशकात कर्मचारी संघटना रस्त्यावर उतरल्या. बँकांमध्ये रंगराजन समितीनंतर, म्हणजे १९८० च्या दशकात, लेजर लिहिणारी यंत्रं बसू लागली. बाजारपेठेतल्या दुकानांपर्यंत यातलं काही पोचलं नाही. तिथवर पोचली ती टॅली. बंगळुरूच्या एका व्यावसायिकाला आपले हिशेब सांभाळणारा चांगला प्रोग्राम मिळेना, म्हणून त्यांच्या गणित शिकलेल्या मुलानं तो लिहिला. १९८६ सालची ही गोष्ट. श्यामसुंदर गोएंका आणि भरत गोएंका. वडिलांच्या वहीसाठी मुलानं लिहिलेला प्रोग्राम देशभरच्या दुकानांत गेला, याचं मला कायम अप्रूप वाटत आलं आहे.

आमच्या मालकांच्या दुकानात तो आला १९९० च्या दशकाच्या मध्यावर. वखारीच्या कोपऱ्यात काचेची केबिन झाली, हळदीची धूळ जाऊ नये म्हणून दाराला पट्टी लावली, आणि क्लास करून आलेला एक हुशार मुलगा खुर्चीवर बसला. मी त्या दिवशी सांगलीत होते. आबा तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी, घेऊन त्याच्या शेजारी बसले. मुलगा म्हणाला, “दिवाणजी, मागचं काही नको. प्रत्येक खात्याची ३१ मार्चची बाकी तेवढी सांगा. ओपनिंग बॅलन्स घालतो, एक एप्रिलपासून सगळं यात.” रीत हीच आहे. मी स्वतः कितीतरी कारखान्यांत असंच केलं आहे. जुनी प्रणाली बंद करताना आरंभीची शिल्लक तेवढी नव्या प्रणालीत न्यायची, नाहीतर काम कधी संपणारच नाही. आबा नाव सांगत, रक्कम सांगत, मुलाची बोटं चालत. आटपाडीकडच्या एका खात्यावर ते थांबले. “यांची बाकी घाल, पण विहीर ढासळल्यानं राहिलीय असं लिही.” मुलगा आदरानंच म्हणाला, “ते इथं कुठं लिहू, दिवाणजी? बाकीला शेरा नसतो.” आबांनी मान हलवली आणि पुढचं नाव सांगितलं. दुपारपर्यंत सगळी खाती आत गेली. बेरीज पैशापर्यंत जुळली. मालकांनी पेढे वाटले.

पुढची काही वर्षं आबा दोन्हीकडं होते. संगणकात मुलगा लिहायचा, वहीत ते. मग वही बंद झाली आणि काही काळानं आबाही घरी बसले.

यंत्राला दोष देणं सोपं आहे आणि ते खोटं आहे. टॅलीत प्रत्येक व्यवहाराखाली नॅरेशनची जागा पहिल्यापासून आहे, पाहिजे तेवढं लिहा. मी ज्या महागड्या परदेशी प्रणाली बसवल्या त्यांतही टीप लिहायच्या जागा पानोपानी होत्या. त्या जागांत काय भरलेलं असतं ते मी हजारो नोंदींत पाहिलंय: ‘बीइंग कॅश पेड’. रोख दिली हे रकमेनं आधीच सांगितलेलं असतं. तेच पुन्हा इंग्रजीत. जागा रिकामी राहते, कारण लिहिणाऱ्याला माहीतच नसतं. आबा शेतकऱ्यासमोर बसायचे, त्याला पाणी द्यायचे, त्याच्या लेकीचं विचारायचे, आणि मग त्याच हातानं त्याचं खातं लिहायचे. काचेच्या केबिनमधल्या मुलापर्यंत शेतकरी यायचा तो पट्टी होऊन. जो जाणतो तो आणि जो लिहितो तो, अशी दोन माणसं झाली, आणि दोघांच्या मधे कुणी उभं राहिलं नाही.

भोसरीच्या एका कारखान्यात एक स्टोअरकीपर होते, निवृत्तीला टेकलेले. त्यांच्या खणात एक डायरी असायची. कुठला पुरवठादार पावसाळ्यात पेट्या भिजवून पाठवतो, कुठल्या गाडीचा ड्रायव्हर बिलं हरवतो, कुठल्या कास्टिंगला आतून भेग निघते, सगळं त्यात. प्रणाली चालू झाली त्या आठवड्यात सगळ्यांनी नव्या पडद्यांचं शिक्षण घेतलं. डायरीचं काय करायचं हे कुणाच्या यादीत नव्हतं. मी आग्रहानं दोन दिवस मागून घेतले आणि त्यांच्याजवळ बसून निम्मी-अर्धी डायरी पुरवठादारांच्या टिपांत भरली. दोन दिवसांत तेवढीच झाली.

शेऱ्याची जागा आता दुसऱ्या गोष्टीनं घेतली आहे. सिबिल २००० साली स्थापन झालं आणि आज ३०० ते ९०० मधला एक आकडा माणसाची पत सांगतो. पीककर्जाला गेलेला शेतकरी ‘सिबिल खराब आहे’ हे वाक्य ऐकून परत येतो. या आकड्याची एक बाजू आबांच्या शेऱ्याहून नक्की चांगली आहे: रिझर्व्ह बँकेच्या नियमानं वर्षातून एकदा माणसाला स्वतःचा अहवाल फुकट मागवता येतो, चुकलेलं दुरुस्त करायला सांगता येतं. वहीत डोकावायची सोय कुठल्या शेतकऱ्याला होती? पण हप्ता चुकला तो विहीर ढासळली म्हणून की पैसे उडवले म्हणून, हे तो आकडा सांगत नाही. त्याच्यासाठी दोघंही सारखे. आबांच्या वहीत ते दोघं सारखे नव्हते.

घरी बसल्यावर आबांकडे माणसं यायची. एकदा एक जण आला, वडील नुकतेच गेले होते. भावकीत वाद चालला होता की थोरल्यांनी दुकानाचं जुनं देणं फेडलं होतं की नाही. दुकानातून तो रिकाम्या हातानं आला होता. तिथल्या फ्लॉपी कपाटात जपून ठेवलेल्या होत्या, पण त्या वाचणारं यंत्र आता दुकानात नव्हतं. आबांनी डोळे मिटले. साल सांगितलं, महिना सांगितला, रक्कम सांगितली, आणि म्हणाले, “तुझ्या आईनं पाटल्या मोडल्या होत्या. वडलांना सांगू नका म्हणाली होती. आता सांगायला हरकत नाही.” तो माणूस बराच वेळ तसाच बसून राहिला. मग पाया पडून गेला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा पुन्हा आली. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर चढलं आणि गणपती पेठेतल्या जुन्या गोदामात, जिथं मालकांनी सगळ्या वह्या ठेवल्या होत्या, ते कित्येक दिवस राहिलं. पाणी ओसरल्यावर मी आणि माझा भाऊ बघायला गेलो. वरच्या फळ्यांवरच्या वह्या ओलसर पण शाबूत होत्या. खालच्यांचा लगदा झाला होता, लाल कापडाचा रंग भिंतीवर उतरला होता. घरी येऊन आबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “खालच्या फळीवर कुठली सालं होती?” मला ठाऊक नव्हतं. त्यांनी स्वतःच मनातल्या मनात फळ्या मोजल्या आणि म्हणाले, “साठ ते त्र्याहत्तर. म्हणजे दुष्काळ गेला.”

१९७२ चा दुष्काळ. हळदीबरोबर दुकानात थोडं धान्यही चालायचं, जत-आटपाडीकडची खाती होती. त्या सालांच्या वह्यांत आबांनी सर्वांत जास्त शेरे लिहिले होते. कोण खडीवर गेला, कुणाची जनावरं छावणीत, कोण मुंबईला गेला तो परतला नाही, कुणाची बाकी मालकांना सांगून सोडून दिली. दुष्काळाचे सरकारी अहवाल आहेत, पावसाचे आकडे आहेत, रोजगार हमीची सुरुवात तिथूनच झाली हे आपण वाचतो. कुठल्या माणसाची कुठली गोष्ट कशामुळे थांबली, हे खालच्या फळीवर होतं.

त्याच हिवाळ्यात आबा गेले. वरच्या फळीवरच्या वह्या मालकांच्या मुलांनी साफसफाईत काढून टाकल्या. त्यांचा त्यात काही दोष नाही, ओल्या वह्यांना वास येत होता आणि त्यांना मोडी येत नव्हती. एक खतावणी माझ्या वाट्याला आली. तिच्यातले आकडे मला वाचता येतात. शेऱ्यांसाठी मी आता मोडी शिकते आहे. आबा असताना ते काम एका दुपारचं होतं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या माळ्यावर अशा वह्या असतील तर त्या रद्दीत घालू नका. घरात मोडी वाचणारं कुणी म्हातारं माणूस असेल तर याच सुट्टीत त्यांच्यासमोर वही उघडा आणि मोबाइलवर त्यांचा आवाज धरून ठेवा. कुणी नसेल तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथं विचारा. आणि तुमच्या दुकानात, कारखान्यात, पतसंस्थेत नवी प्रणाली येणार असेल, तर ती बसवणाऱ्यांना पहिल्या दिवशी सर्वांत जुन्या कारकुनाशेजारी बसवा. बाकी किती हे ते विचारतीलच. ती का राहिली हे तुम्ही विचारायला लावा, आणि उत्तर नॅरेशनमध्ये मराठीत भरून घ्या.